यजमान संघाचा हंगाम

दिवाळी संपते, शेजारपाजारचे आकाशकंदील उतरतात आणि दुपारी चारचं ऊन तिरकं होऊन थेट डोळ्यांत येतं. दर वर्षीच येतं, त्यात विशेष काही नाही. पण गेली काही वर्षं हे ऊन आलं की माझा हात आपोआप खुंटीवरच्या पिवळ्या टोपीकडे जातो. आमच्या स्टँडमध्ये ती लागायचीच. आम्ही पूर्वेच्या बाजूला बसायचो. तिथलं तिकीट स्वस्त होतं, कारण पूर्वार्धभर सूर्य समोर असायचा आणि धावत येणारा खेळाडू आपला की त्यांचा, हे तो जवळ आल्याशिवाय कळायचं नाही. ज्यांना सामना नीट बघायचा होता ते पश्चिमेला बसत. आम्ही पूर्वेलाच बसायचो, कारण आमचं सगळं ओरडणं, भांडणं आणि शेंगा तिथं होत्या.

परवाही हात टोपीकडे गेला. टोपीवर धूळ होती. झटकून परत अडकवली.

माझं नारायण पेठेत कापडावर छपाई करायचं वर्कशॉप आहे. लग्नाच्या पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे पडदे. फुटबॉलशी माझा संबंध गिऱ्हाईकामुळे आला. काही वर्षांपूर्वी देशकर काका दुकानात आले. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, विमा कंपनीत दावे तपासायचं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि विचारलं की स्टँडवर पसरता येईल एवढा मोठा झेंडा करून मिळेल का. मी विचारलं, कापड कुठलं. ते म्हणाले, वाऱ्यात फाटू नये आणि पावसात रंग जाऊ नये, बाकी तुम्ही ठरवा. गिऱ्हाईक इतकं नेमकं बोललं की मला बरं वाटतं.

जांभळं कापड, त्यावर पिवळी अक्षरं: मुठाकाठ. क्लबचं नाव तेच. देशातल्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळणारा, कधी चौथा तर कधी सातवा येणारा क्लब. एकेक अक्षर माणसापेक्षा उंच होतं. वर्कशॉपमध्ये मावेना, म्हणून आमच्या इमारतीच्या गच्चीवर कापड अंथरलं आणि रोलर घेऊन मी रंगवलं. दोन ठ रंगवताना फार मजा आली. गोल पोट, वरून एक दांडी. एका ठचं पोट जरा फुगलं, दुसऱ्याचं जरा बसलं. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "सख्खे भाऊ दिसत नाहीत." तरी घेऊन गेले.

झेंडा कसा दिसतो ते बघायला म्हणून मी पहिल्या सामन्याला गेले. खेळातलं काही कळत नव्हतं. पण दोन तास मला कोणी माप विचारलं नाही, रंग विचारला नाही, कधी मिळेल असं विचारलं नाही. पुढच्या रविवारी परत गेले. मग जातच राहिले.

स्टँडमध्ये आमची जागा ठरलेली होती. काका वर्तमानपत्राची घडी खाली घालून बसायचे. त्यांची एक सवय होती. गोल झाला की सगळे उठायचे, ओरडायचे, आणि काका बसून राहायचे. रेफरीनं हात मैदानाच्या मध्याकडे दाखवला की मग उठून टाळ्या वाजवायचे. बाजूरेषेवरच्या पंचाचं निशाण वर गेलेलं असलं तर, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर लोकांचे दावे तपासलेला माणूस. गोल हाही त्यांच्या लेखी आधी दावाच असायचा.

त्यांच्या पलीकडे फ्रान्सिस. येरवड्याचा. कारखान्यातून निवृत्त झालेला, तरुणपणी गोलकीपर होता. दोन्ही हातांची बोटं वेगवेगळ्या दिशांना वाकलेली, त्यामुळे तो कुठं बोट दाखवतोय हे कळायला वेळ लागायचा. आणि माझ्या शेजारी पल्लवी. यवतमाळची, वारज्यात राहते, कंप्युटर कंपनीत नोकरी. दिसायला काडी आणि गळा असा की पश्चिमेच्या स्टँडमधले लोक मान वळवून बघायचे. मला ताई म्हणते. पहिल्या दिवशी तिनं मला ऑफसाइड समजावून सांगितला, मला कळला नाही. मग फ्रान्सिसनं शेंगा मांडून सांगितला, तेव्हा कळला. शेंगा नंतर पल्लवीनं खाल्ल्या.

आता ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे, तो गेल्या वर्षीचा. त्या हंगामात आमच्या क्लबला नाव नव्हतं.

क्लबचे दोन भागीदार होते. आम्ही त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायचो. थोरल्यांनी क्लब सुरू केला, नाव दिलं, चिन्ह काढून घेतलं. धाकटे नंतर आले आणि खेळाडूंचे करार, मैदानाचा करार, असं सगळं हळूहळू त्यांच्या हातात गेलं. मग दोघांचं बिनसलं. कशावरून बिनसलं याच्या चार हकिगती स्टँडमध्ये चालू होत्या आणि चारही सांगणाऱ्यांना ती आतल्या माणसाकडून कळली होती. शेवटी थोरले कोर्टात गेले की नाव माझं आहे. धाकटे म्हणाले, संघ माझा आहे. कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत नाव आणि चिन्ह कोणीच वापरायचं नाही. मैदानावर ते कुठंही दिसता कामा नये.

आणि हंगाम तर सुरू झाला होता.

पहिल्या रविवारी आम्ही झेंडा घेऊन गेलो. तो दोघांना उचलावा लागतो. फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं घडीचं एक टोक उचललं, मु वाचला, आणखी थोडं उलगडून ठा वाचला आणि घडी परत घातली. नाव असलेलं काही आत जाणार नाही, असं त्याला वरून सांगितलं होतं. काका पुढं झाले.

"हे बघा, नाव कोणाचं हे ठरलेलं नाही. म्हणजे आत्ता ते त्यांचंही नाही आणि ह्यांचंही नाही. मग राहतं कोणाचं? आमचं."

रक्षक अदबशीर होता. तो म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असंल. पण माझी नोकरी हाय."

झेंडा परत माझ्या व्हॅनमध्ये गेला.

आत गुणफलकावर पाहुण्या संघाचं नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं 'यजमान'. खेळाडूंचे शर्ट कोरे, फक्त आकडे. रंगसुद्धा जांभळा नाही, पांढरा, जसा शाळेत पीटीच्या तासाला असतो. पहिली काही मिनिटं स्टँडमध्ये सगळे गप्प होते, कारण ओरडायचं काय तेच ठरत नव्हतं. नाव घेतलं तर कोणी बाहेर काढेल का, यावर मागच्या रांगेत चर्चा चालू झाली. शेवटी पल्लवीला राहवेना. ती उभी राहिली आणि आभाळाकडे तोंड करून "य-ज-मान" असा सूर लावला. लोक आधी हसले, मग तिच्या मागोमाग म्हणायला लागले. सत्यनारायणाच्या पूजेला शे-दीडशे लोकांनी एकदम यजमानाला हाक मारावी, तसं ते ऐकू यायचं.

कोल्हापूरचा संघ आला तेव्हा त्यांच्या लोकांनी हे बरोबर हेरलं. शंभर-सव्वाशे जण गाड्या करून आले होते. आमचा घोष थांबला की त्यांच्यातला एक जाडा आवाज यायचा, "काय यजमान, दक्षिणा ठिवा की." आणि त्यांचा सगळा स्टँड खो खो हसायचा. दोन गोलांनी हरलो. फाटकाबाहेर त्यांच्यातला एक जण काकांना भेटला आणि अगदी मनापासून म्हणाला, तुमच्यावर वाईट वेळ आलीया, आमच्यात असलं झालं असतं तर दोघा मालकांना तालमीत कोंडलं असतं. काका म्हणाले, "आमच्याकडे दोघांनाही व्याख्यान ऐकवतात. जास्त लागतं."

संघ वाईट खेळत होता असं नाही. मला आता थोडं कळायला लागलं होतं. एक ठेंगणा मधला खेळाडू होता, तो चेंडू पायाशी आला की एक क्षण काहीच करायचा नाही. बाकी सगळे धावत असताना तो उभा. मग चेंडू तिथं जायचा जिथं कोणी नसायचं, आणि त्याच वेळी आपला कोणी तरी तिथं पोहोचायचा. कापड बेतताना कात्री लावायच्या आधी मीही अशी थांबते. त्याला बघायला मला आवडायचं. सामना झाला की खेळाडू आमच्या स्टँडसमोर यायचे, टाळ्या वाजवायचे. कोऱ्या शर्टातले, नक्की कोणाच्या वतीनं टाळ्या वाजवतोय हे न कळणारे. त्यांचा त्या भांडणात काही हात नव्हता. आमचाही नव्हता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही माझ्या वर्कशॉपमध्ये जमायचो. बेतायच्या टेबलाभोवती, शाईच्या आणि थिनरच्या वासात. पल्लवी ऑफिसमधून येताना वडे आणायची. मी आधी टेबल पुसून घ्यायचे आणि मगच वडे ठेवू द्यायचे, त्यावरून तिनं मला पुष्कळ ऐकवलंय. बोलणं निम्मं खेळाचं आणि निम्मं कोर्टाचं. चार लोक, ज्यांना स्वतःच्या सोसायटीच्या सभेला जायचा कंटाळा, ते अंतरिम आदेश आणि भागीदारीचा करार यावर तावातावानं बोलायचे. फ्रान्सिस म्हणायचा, आमच्या वेळी एकच कागद असायचा, त्यावर अकरा नावं असायची.

अशाच एका शनिवारी बातमी आली की धाकट्यांना संघ दुसऱ्या शहरात न्यायचा आहे. तिथं नवं मैदान मिळतंय. लीगची परवानगी लागेल, कोर्टाची लागेल, पण अर्ज केलाय.

वडे तसेच राहिले. काका बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले आणि मग त्यांनी बहिष्काराचं काढलं. पुढच्या घरच्या सामन्याला पूर्वेच्या स्टँडमधल्या एकानंही जायचं नाही. स्टँड रिकामा दिसला की धाकट्यांना कळेल. प्रेक्षक गृहीत धरता येत नाहीत, हे कधी तरी कोणी तरी सांगायलाच हवं. काका बोलत होते तसं ते पटतही होतं. पुण्यात एखादी गोष्ट बंद ठेवून निषेध करणं आम्हाला उघडी ठेवून करण्यापेक्षा सोपं वाटतं.

फ्रान्सिसला पटलं नाही. "काका, ग्राउंडवर जायचं नाही म्हणजे काय? मॅच आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे फ्रान्सिस."

"असेल. पण मॅच पण आहे."

पल्लवी काकांच्या बाजूनं होती. तिनं लगेच ग्रुपवर टाकलं आणि वडे गार होईपर्यंत अख्ख्या स्टँडचा होकार आला. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की त्या रविवारी मला लग्नाच्या पिशव्या पोचवायच्या आहेत, तेव्हा माझ्यापुरता तत्त्वाचा प्रश्न येतच नाही.

त्या रविवारी मी पिशव्या पोचवल्या. ऊन तसंच तिरकं होतं. गाडी चालवताना चार वाजले तेव्हा मी आरशात बघितलं, उगाच.

फ्रान्सिस एकटा गेला होता. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला की हंगामातला सगळ्यात भारी गोल झाला. मग त्यानं तो करून दाखवला. थिनरचे डबे म्हणजे त्यांचे बचावपटू, शाईची बरणी म्हणजे गोलकीपर, आणि जाळीवरून शाई ओढायची स्क्वीजी म्हणजे आपला ठेंगणा. ठेंगणा उभा राहिला. दोन डबे अंगावर आले. तो अजून उभा. मग चेंडू त्या दोघांच्या मधून गेला, आणि तो स्वतः बाजूनं वळसा घेऊन परत त्याच चेंडूवर. फ्रान्सिस हे सांगत असताना त्याची वाकडी बोटं हवेत सगळीकडे दाखवत होती आणि तरी मला दिसलं. काका दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "रेफरीनं मध्याकडे दाखवलं?"

"दाखवलं ना काका. पण बघायला कोणी नव्हतं."

तो गोल नंतर फ्रान्सिसनं पुष्कळदा सांगितला. दर वेळी एखादा डबा वाढायचा. पण तो पाहिलेला माणूस आमच्यात एकच, त्यामुळे आम्ही हरकत घेऊ शकत नव्हतो.

तिसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. पूर्वेचा स्टँड, ऊन भरलेला आणि रिकामा. पायऱ्याच पायऱ्या. खूप निरखून पाहिलं तर वरून चौथ्या पायरीवर एक पांढरा ठिपका होता. फ्रान्सिसची टोपी. खाली लिहिलं होतं की पुण्यात या संघाला प्रेक्षकच नाहीत, म्हणून तो दुसरीकडे न्यायची परवानगी द्यावी, असं धाकट्यांच्या वकिलांनी म्हटलं आहे आणि सोबत हा फोटो जोडला आहे.

काका दुपारी आले. दुपारी ते कधी येत नाहीत, दुपारी ते झोपतात. वर्तमानपत्र बरोबर होतं, त्याच घडीत, जी ते स्टँडमध्ये खाली घालायचे. मी एका शाळेचा पडदा छापत होते. फ्रेम उचलली, ठेवली, उचलली, ठेवली. ते स्टुलावर बसले. मी पाणी दिलं.

"रिकाम्या पायऱ्या त्यांनी दाखवल्या नाहीत, नीलाताई," ते म्हणाले. "आपण दाखवल्या."

‘आपण’ म्हणाले, पण त्यांना ‘मी’ म्हणायचं होतं. मी म्हटलं, ग्रुपवर सगळ्यांनी होकार दिला होता. ते म्हणाले, हो, पण दावा माझा होता. मग पाणी प्यायले, ग्लास धुऊन उपडा ठेवला आणि गेले.

शेवटच्या घरच्या सामन्याला सगळे आले. पूर्वेचा स्टँड इतका भरला होता की पश्चिमेचे काही लोकही आमच्यात येऊन बसले होते, ऊन डोळ्यांवर घेऊन. झेंडा व्हॅनमध्ये होता. पल्लवी म्हणत होती, आज रक्षक काही बोलणार नाही, त्यानंही वर्तमानपत्र वाचलंय, आज घेऊनच जाऊ. काका म्हणाले, नाही. आदेश म्हणजे आदेश. आपल्याकडून आणखी एक कागद त्यांना मिळायला नको. पल्लवी वैतागली. "काका, काऊन इतकं घाबरता? आता काय घेणार ते आपलं?" झेंडा गाडीतच राहिला. त्या हंगामात तो एकदाही उघडला नाही. सामना आम्ही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, रेफरीनं मध्याकडे दाखवलं आणि तरी काका बसूनच राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गर्दीकडे पाहत होते, मैदानाकडे नाही.

उन्हाळ्यात परवानगी मिळाली. संघ गेला. आता त्याला तिकडचं नाव आहे, हिरवा शर्ट आहे. आमचा ठेंगणा तिकडे खेळतो, पल्लवीनं एकदा फोनवर दाखवला. तो अजूनही चेंडू पायाशी आला की थांबतो. मुठाकाठ या नावाचा निकाल मात्र लागलेला नाही. संघ नाही, मैदान नाही, आणि नाव कोणी वापरायचं नाही हा आदेश चालूच आहे. थोरले आणि धाकटे अजून तारखांना जातात म्हणे.

काका बाहेर पडायचे बंद झाले. म्हणजे भाजीला जायचे, बँकेत जायचे. पण शनिवारी येईनात. ग्रुपवर कोणी काही टाकलं तर वाचायचे आणि उत्तर द्यायचे नाहीत. गणपती झाले, दिवाळी आली. दिवाळीनंतर काकू वर्कशॉपमध्ये आल्या. उशांचे अभ्रे छापून हवेत म्हणाल्या, पण नक्षी कुठली विचारलं तर त्यांच्या लक्षात नव्हती. मग बसल्या.

"अहो, तुम्ही त्यांना कुठं तरी न्या," त्या म्हणाल्या. "रविवारी चार वाजले की गॅलरीत उभे राहतात. खाली रिक्षा उभी असते, तिच्याकडे बघत. मला म्हणतात, ती ऑफसाइड आहे."

मी म्हटलं, असेलही. काकू हसल्या, पण निघताना परत म्हणाल्या, खरंच न्या.

माझ्याकडे त्यावर काही उपाय नव्हता. मी लोकांना समजवायला जात नाही, मला ते जमत नाही. पण त्याच आठवड्यात फ्रान्सिस आला. येरवड्यात त्यानं एक संघ उभा केला होता. कारखान्यात जाणारे, रिक्षा चालवणारे, दोघं-तिघं कॉलेजातले, सगळे मोठे लोक. दर रविवारी खेळतात. दोन गट ओळखू यायला एका गटाला अंगावर घालायची बंडी लागते, ती त्यांच्याकडे नव्हती, शर्ट काढून खेळत होते आणि आता थंडी पडली होती. त्यानं माझ्या फडताळाकडे पाहिलं. झेंडा तिथं होता. वरचा सगळा कप्पा अडवून.

"मॅडम, चांगलं कापड आहे," तो म्हणाला.

मी कापडाकडे पाहिलं. वाऱ्यात फाटणार नाही, पावसात रंग जाणार नाही. फडताळात पडून ते कसरीनं खाल्लं असतं, एवढंच. पण झेंडा माझा नव्हता. स्टँडचा होता, आणि स्टँडमध्ये काका होते. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले.

काका आरामखुर्चीत होते. मी बसले आणि सरळ सांगितलं. फ्रान्सिसच्या संघाला बंड्या हव्यात, झेंड्याचं कापड वापरते.

ते खुर्चीत पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "नाव कापणार?"

"कापड कापणार. नावाचं मला काही माहीत नाही, ते कोर्टात आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. काकू ऐकत असणार.

"आदेश अजून उठलेला नाही," काका म्हणाले. "मैदानावर नाव दिसता कामा नये. येरवड्यातलं मैदान म्हणजेही मैदानच."

"एका बंडीवर एका अक्षराचा तुकडा येईल. वाचता यायचं नाही."

"ते तुम्ही म्हणताय. बारा-पंधरा तुकडे एकत्र धावणार. दोन जवळ आले, तीन जवळ आले, तर काय सांगावं?"

"मग तुम्ही येऊन बघा," मी म्हटलं. "तपासायची सवय तुम्हाला आहे. मला नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. हो म्हणाले नाहीत. मी चहा घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी झेंडा टेबलावर घेतला. सगळा उलगडता येत नव्हता म्हणून एकेक अक्षर घेतलं. कात्री लावायच्या आधी थांबले, ते नेहमीच थांबते. मग कापला. मुच्या उकाराची शेपटी एका बंडीवर आली. ‘का’चा उजवा बाक दुसरीवर. पहिल्या ठचं फुगलेलं पोट दोन तुकड्यांत गेलं आणि बसक्याचं एका अख्ख्या पाठीवर बसलं. शिरोरेघेच्या तर चारपाच बंड्या झाल्या, नुसती एक आडवी पिवळी पट्टी. कडा दुमडून टीप मारली, बाजूला नाड्या लावल्या. कापड वाया गेलं नाही. उरलेल्या चिंध्यांची पल्लवीनं दोन फडकी नेली.

आणि परवाचा रविवार. हात टोपीकडे गेला, धूळ झटकली, परत अडकवली, असं वर लिहिलंय. मग पुन्हा काढली आणि डोक्यावर घातली.

येरवड्यातल्या मैदानाला स्टँड नाही. एका बाजूला कुंपणाची बुटकी भिंत आहे, तिच्यावर बसायचं. पश्चिमेला तोंड. पल्लवी वारज्याहून शेंगा घेऊन आली होती. माणसं जांभळ्या बंड्या घालून धावायला लागली तेव्हा ती एकदम गप्प झाली, आणि ती गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते. पाठींवर पिवळे बाक, पिवळ्या पट्ट्या, अर्धी वर्तुळं. ओळख नसणाऱ्याला वाटेल, नक्षी आहे. मला प्रत्येक तुकडा ठाऊक होता. रिक्षा चालवणारा एक आडदांड बचावपटू होता, त्याच्या पाठीवर बसका ठ. तो पळाला की ठ गदागदा हलायचा.

काका आले तेव्हा पूर्वार्ध निम्मा झाला होता. रिक्षातून उतरले, भिंतीपाशी आले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि बसले. फ्रान्सिसनं मैदानाच्या पलीकडून त्यांना पाहिलं आणि हात वर केला. बोटं चार दिशांना गेली.

मग कॉर्नर मिळाला. जांभळ्या बंड्यांचे सगळे गोलपुढं गोळा झाले, आमच्याकडे पाठ करून. मुची शेपटी, दोन पट्ट्या, ‘का’चा बाक, बसका ठ. काका भिंतीवरून उतरून उभे राहिले. पुढं वाकले. हातानं ऊन अडवलं. चेंडू आला, बसका ठ उंच उडाला आणि त्यानं डोकं लावलं. गोल.

पल्लवी ओरडली. खूप दिवसांनी ओरडली, शब्दच नव्हते त्यात. फ्रान्सिस, जो रेफरीही होता, त्यानं हात मैदानाच्या मध्याकडे केला, म्हणजे साधारण तिकडे. काका अजून त्या पाठींकडेच बघत होते. खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते, तुकडे तुकड्यांवर आदळत होते, पुन्हा पांगत होते.

काकांनी टाळ्या वाजवल्या. मोजून चार-पाच, नेहमीसारख्या. मग बसले.

"वाचता आलं?" मी विचारलं.

"आज नाही आलं," ते म्हणाले. "पण ऊन डोळ्यावर होतं, खात्री देता येत नाही. पुढच्या रविवारी परत बघावं लागेल."

मी म्हटलं, चार वाजता या, आणि टोपी आणा.